सहल गावातच निघाली

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, थंडी पडू लागली, की शाळेतून सहलीची चिठ्ठी घरी येते. लेकरू दारातूनच ओरडत येतं. चिठ्ठीत ठिकाण, तारीख, पैसे आणि खाली पालकांच्या सहीची जागा. सहीसाठी पेन शोधेपर्यंत घरात चार प्रश्न उभे राहतात. पैसे किती? सोबत कोण? जेवणाचं काय? तिथे देवळात तर नेणार नाहीत ना? आणि चिठ्ठी मुलीची असेल, तर या चारही प्रश्नांच्या आधी एक पाचवा येतो, ‘एवढ्या लांब कशाला?’

हे आम्ही पाच-सहा जणी मिळून लिहीत आहोत. आम्ही रिद्धपूरच्या. मोर्शी तालुक्यातलं, अमरावती जिल्ह्यातलं आमचं गाव. आमची मुलं मराठी शाळेत तिसरीच्या एकाच वर्गात बसतात. आमच्यापैकी कुणी घरी शिवणकाम करतं, कुणी शेतात जातं, एकीचं छोटं किराणा दुकान आहे.

मुलं दुसरीत होती तेव्हा सहल लांबच्या एका वॉटर पार्कला गेली. वर्गातली निम्म्याहून थोडी जास्त मुलं गेली, बाकीची राहिली. राहिलेल्यांत आपल्या घरची मुलं जास्त होती, पण फक्त आपलीच नव्हती. शेतमजुरांची होती, एकट्या आईची होती. पुढच्या सोमवारी वर्गात ‘आमची सहल’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. आमच्यातल्या एकीच्या मुलीने वही कोरीच दिली. विचारलं तर म्हणाली, ‘मी कुठे गेले होते?’ त्यानंतर कितीतरी दिवस वर्गात ‘जाऊन आलेले’ आणि ‘न गेलेले’ असे दोन गट राहिले. मधल्या सुट्टीत एका गटाच्या गप्पा रंगत आणि दुसरा गट नुसता ऐकत राही.

यात कुणाचं मन वाईट नव्हतं. शाळेला वाटलं, मुलांना आनंद द्यावा. घरच्यांना वाटलं, आपल्या लेकराला जपावं. पण सात वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं की आपण या वर्गात पूर्ण नाही. हीच गोष्ट आम्हाला सलत होती.

घरचे ‘नाही’ म्हणतात त्याची कारणं आम्ही नीट मांडून पाहिली. पैशाचं कारण खरं आहे. मजुरीवर चालणाऱ्या घरात दोन लेकरं शाळेत असतील, तर एकाला पाठवून दुसऱ्याला घरी ठेवणं फार जड जातं. जेवणाची चिंताही खरी आहे, पण ती सगळ्यांत सोपी. घरचा डबा दिला की ती मिटते. मुलीची काळजी हसण्यावारी नेऊ नये. सोबत बाई शिक्षिका किती, रात्री परत किती वाजता, हे विचारणं हा आई-बापाचा हक्क आहे. आणि देवळाचा प्रश्न. तो बहुतेक घरांत मोठ्याने विचारला जात नाही. मनातच राहतो, आणि चिठ्ठी सहीविना परत जाते. शाळेला वाटतं, ‘या लोकांना सहलीचं महत्त्वच नाही.’ घराला वाटतं, ‘त्यांना आपली अडचण समजत नाही.’ दोन्हीकडे गैरसमज, आणि मधे लेकरू.

या वर्षी तिसरीच्या बाईंनी पालकसभेत स्वतःच विचारलं, ‘सगळी मुलं येतील अशी सहल कशी करायची?’ तेव्हा आम्ही म्हटलं, पहिली सहल पायी काढा, गावातच. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहेच. शनिवारी निघायचं आणि जोहरच्या आत परत यायचं. म्हणजे पैसे नाहीत, मुक्काम नाही, आणि कुणी मागे राहायचंही कारण नाही.

काही पालक हसले. ‘रिद्धपुरात बघायचं काय? रोजच तर बघतो.’

खरं सांगायचं तर रोज बघतो म्हणूनच ते दिसत नाही. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानला जातो तो ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी याच गावात लिहिला, सुमारे १२७८ साली. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू याच गावात राहिले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात त्या महदंबेने आपले धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, इथेच रचली. म्हणूनच मराठी भाषा विद्यापीठही आमच्या गावाच्या वाट्याला आलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा रिद्धपूरचं नाव सगळीकडे घेतलं गेलं. दुरून अभ्यासक आमच्या गावी येतात, आणि आमच्या मुलांना मात्र राजमठ म्हणजे बाजाराकडे जाताना लागणारं एक ठिकाण, एवढंच ठाऊक.

राजमठाचं नाव निघताच मनातला प्रश्न एकदाचा बाहेर आला. आमच्या मोहल्ल्यातले एक हाजीसाहेब सभेला आले होते. त्यांनी अदबीने, पण स्पष्ट विचारलं, ‘मुलांना तिथे नेऊन करायला काय लावणार?’ बाईंनीही तेवढंच स्पष्ट सांगितलं, ‘कुणाला हात जोडायला सांगणार नाही, कुणाला प्रसादाचा आग्रह नाही. चपला बाहेर काढायच्या, शांत बसायचं, ऐकायचं आणि वहीत लिहायचं.’ हाजीसाहेब थोडं थांबून म्हणाले, ‘हा अदब तर आम्हीही शिकवतो. मग मुलांना मशिदीतही आणा. तिथेही हेच नियम.’ पाच मिनिटांत मिटलेला हा प्रश्न किती वर्षं कुणी विचारलाच नव्हता!

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी अख्खा वर्ग निघाला. हजेरीत एकही नाव गळलं नव्हतं. आम्ही तिघी सोबत होतो, आणि मुलांच्या मित्रांच्या दोन आयाही होत्या.

राजमठात मुलांना म्हाइंभटांची गोष्ट सांगितली गेली. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी विरून जाऊ नयेत, म्हणून म्हाइंभट त्यांना पाहिलेल्या माणसांकडे गेले. ज्याने जे पाहिलं, ऐकलं, ते त्याला विचारून लिहून घेतलं. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला असेल, तर ते वेगळेपणही त्या परंपरेत नोंदवून ठेवलेलं दिसतं. एका मुलाने विचारलं, ‘त्यांना एवढं सगळं आठवलं कसं?’ बाई म्हणाल्या, ‘त्यांना आठवलं नाही. त्यांनी विचारलं.’

आम्हाला तिथे बसल्या बसल्या इमाम बुखारींची आठवण झाली. हदीस गोळा करण्यासाठी ते मक्का, मदिना, बसरा, कुफा, बगदाद असे शहरोशहरी फिरले. सांगणारा कोण, त्याने कुणाकडून ऐकलं, तो सच्चा आहे का, हे तपासल्याशिवाय त्यांनी घेतलं नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या, त्यांची जागा वेगळी. आम्ही तुलना करत नाही. पण विचारायला पायपीट करावी लागते आणि ऐकलेलं पारखून घ्यावं लागतं, ही शिस्त मुलांना दोन्हीकडून शिकता येते. रात्री घरी आम्ही मुलांना इमामांची गोष्ट सांगितली, तेव्हा ती त्यांना लगेच उमगली. दिवसा अर्धी ऐकून झाली होती ना!

मुलांना सगळ्यांत आवडली ती सकळ लिपी. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवले. शतकानुशतकं बाहेरच्यांना ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी लिपीचा उलगडा केला, आणि मग हे धन सगळ्या महाराष्ट्राला कळलं. शाळेत परतल्यावर मुलांनी आपापली गुप्त लिपी बनवली. ज्या मुलाला एरवी एक पान शुद्धलेखन नकोसं होतं, त्याने तीन पानं भरली.

मशिदीत मुलांनी वजूची जागा पाहिली, मेहराब पाहिली, अजानच्या वेळा फळ्यावरून उतरवून घेतल्या. ‘इथे मूर्ती नाही, मग बघायचं कोणाकडे?’ असं एका मुलीने विचारलं. इमामसाहेबांनी हसून किब्ल्याची दिशा दाखवली, आणि मुलांनी सूर्यावरून ती पश्चिम आहे हे ओळखलं. भूगोलाचा धडा तिथेच झाला.

तिथून वर्ग संत्र्याच्या बगीच्यात गेला. आंबिया बहाराची तोडणी चालू होती. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा कसा बांधतात, हे माळ्याने करून दाखवलं. तोडणीनंतर झाडाचं पाणी बंद करून त्याला ताण देतात, आणि पुन्हा पाणी सोडलं की ते फुलावर येतं, हे ऐकून मुलं चकित झाली. ‘तहान लागल्यावर फूल येतं?’ संत्रा रोज खाणारी मुलं, पण ही गोष्ट त्यांना नवी होती.

शेवटचा थांबा मात्र आम्ही मुद्दाम ठरवला होता. ज्या मुलीने वही कोरी दिली होती, तिच्या दादींचं घर. दादींनी तरुणपणी बरीच वर्षं संत्र्याची प्रतवारी आणि भरणी केली. अक्षरओळख नाही, पण संत्रा हातात घेतला की न बघता सांगतात, लहान, मधला की मोठा. लाकडी पेट्यांत तणसाचा थर कसा घालायचा, दिल्ली-कलकत्त्यापर्यंत माल न दबता जावा म्हणून फळ कसं बसवायचं, हे त्यांनी टोपलीभर संत्री घेऊन दाखवलं. मुलांनी डोळे मिटून प्रतवारीचा खेळ खेळला. दादी प्रत्येक वेळी जिंकल्या. वर्ग दारात वह्या घेऊन बसलेला पाहून त्या म्हणाल्या, ‘मेरेको आज तक किसी ने पूछा नहीं बेटा.’ आणि त्यांची नात त्या दिवशी यजमान होती. कुणाला पाणी दे, कुणाला चटईवर जागा करून दे, असं तिचं चाललं होतं.

सोमवारी वह्या तपासताना एक गंमत झाली. कामाला लागताना दादी दहा वर्षांच्या होत्या, असं काहींनी लिहिलं. बारा, असं बाकीच्यांनी. बाई म्हणाल्या, ‘जा, पुन्हा विचारून या.’ संध्याकाळी चौघं जण गेली. दादी म्हणाल्या, ‘उम्र कोणी लिहून ठेवली होती?’ मुलांनी दोन्ही आकडे ठेवले आणि खाली लिहिलं, ‘दादींना नक्की आठवत नाही.’ आमच्या मते, हे वाक्य त्या सहलीची खरी कमाई होती.

याच अमरावतीत काही वर्षं राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गुरं चारायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी कुरणातच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल येत नसेल तर त्याला दोष न देता आपण चार पावलं पुढे जायचं. सहलीचंही तसंच आहे. ज्या घरातून मूल निघत नाही, त्या घरापर्यंत सहलीनेच एकदा जावं.

याचा परिणाम फेब्रुवारीत दिसला. दुसरी सहल अचलपूरला ठरली. शैक्षणिक सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, आणि आम्ही डिसेंबरपासून दर आठवड्याला थोडे थोडे पैसे बाईंकडे जमा केले होते. सहीच्या वेळी त्याच मुलीच्या अब्बांनी विचारलं, ‘सोबत पालक चालतील का?’ ते आले, आणि परतीच्या वाटेवर मुलं मोजायचं काम त्यांच्याकडेच होतं. १४९० पासून १५७४ पर्यंत वऱ्हाडावर राज्य केलेल्या इमादशाहीची ही राजधानी. गावाबाहेर तलावात उभा असलेला अष्टकोनी हौज कटोरा पाहून मुलं कितीतरी वेळ तिथून हलेनात. यावेळी ‘आमची सहल’ लिहायला सांगितली, तेव्हा कुणाची वही कोरी राहिली नाही.

आमच्या घरांत उर्दूमिश्रित बोली बोलतात, शाळेत मराठी. कधीतरी लेकरू विचारतं, ‘अम्मी, मराठी आपली आहे का?’ श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, हे आम्ही सांगतोच. पण आता त्याहून जवळचं उत्तर आमच्याकडे आहे. आपल्या गावची गोष्ट आपल्या दादीने सांगितली आणि अख्ख्या वर्गाने ती मराठीत लिहून घेतली. मग ती परकी कशी?

वाचक भगिनींनो, तुमच्या गावी रिद्धपूर नसेल, पण विहीर असेल, बाजार असेल, जुनी मशीद असेल, कुंभार किंवा बागवान असेल. सही नाकारण्याआधी शाळेत जाऊन प्रश्न विचारा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या जागा महिलांच्या. त्या जागेवर आपण बसलो, तर सहल कुठे, कधी आणि किती पैशांत, हे आधीच ठरवता येतं. जुम्याचा दिवस टाळा, डबा घरचा द्या, सोबत दोन आया जाऊ द्या.

पुढच्या वर्षी मुलं चौथीत जातील. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे तेरा दरवाजे त्यांना बघायचे आहेत. जमिनीवर फिरा, बघा, विचार करा, ही शिकवण आपल्याला दीनने दिलीच आहे. अल्लाह आपल्या लेकरांना बघणारे डोळे देवो, आणि कुणाचंही लेकरू वर्गातून मागे न राहो. आमीन.