लाल फ्रिज आणि दोन मुख्यमंत्री

आपल्याकडे घरातल्या यंत्रांना कपडे घालायची रीत आहे. फ्रिजच्या डोक्यावर झालरीचं कव्हर, दाराच्या मुठीला मापात शिवलेली पिशवी, मिक्सरला टोपी, वॉशिंग मशीनला फुलाफुलांचा झगा. सांगलीच्या आमच्या घरात गॅसच्या सिलिंडरलासुद्धा घेरदार स्कर्ट होता. सगळंच झाकलेलं, त्यामुळे कुठला रंग कशाला शोभतो हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. बँकेनं बदली करून तंजावरला पाठवलं, तिरुवैयारुत घर भाड्यानं घेतलं, आणि समोरच्या अक्कांच्या घरातला फ्रिज रंगवायला निघालेला पाहिला. ‘छोटा हत्ती’ टेम्पो दारात उभा होता आणि त्यात पोराबाळांसकट फ्रिज चढवणं चाललं होतं. मला वाटलं, बिघडला असेल. तो ठणठणीत होता. फक्त लाल होता, आणि अक्कांना लाल नको होता.

तिरुवैयारु तंजावरपासून १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी. मराठी माणूस इथे येतो तो त्यागराजांच्या समाधीला, पौष वद्य पंचमीच्या आराधनेला. पंचरत्न कीर्तनं ऐकतो, मुगाच्या डाळीचा अशोका हलवा बांधून घेतो आणि परत जातो. इथे राहायला लागल्यावर गाण्याइतकंच लोकांच्या स्वयंपाकघरांकडे लक्ष जातं. निदान माझं गेलं. कर्जाच्या अर्जांवर घरातल्या वस्तूंच्या याद्या वाचून वाचून बँकवाल्यांची नजर तशीच होते.

अक्कांच्या घरातली यादी अशी. टीव्ही १४ इंची, बंद पडलेला, पण जागेवर. तो २००६ साली करुणानिधींचं सरकार आल्यावर सुरू झालेल्या मोफत रंगीत टीव्हीच्या योजनेतला. मिक्सर, ग्राइंडर आणि टेबल फॅन २०११ नंतरचे, जयललितांच्या सरकारनं रेशनकार्डावर वाटलेले, आणि त्यांच्या अंगावर बाईंचं हसरं चित्र. फ्रिज सुनेच्या माहेरचा. इथे लग्नात मुलीबरोबर ‘सीर’ येतं. त्यात भांडी असतात, पलंग असतो, लोखंडी कपाट असतं आणि आताशा फ्रिज असतो. तो व्याह्यांनी आणला, दुकानदारानं सुचवला तो आणला, म्हणून वाइन रंगाचा आणि दारावर मोठाली फुलं. वॉशिंग मशीन चेन्नईतल्या मुलानं नवं घेतल्यावर जुनं पाठवलेलं, राखाडी.

म्हणजे दोन मुख्यमंत्री, एक व्याही आणि एक मुलगा यांनी मिळून हे स्वयंपाकघर सजवलं होतं. त्यात रोज चार तास उभ्या राहणाऱ्या बाईनं निवडलेली वस्तू एकही नव्हती. रंग जुळत नाहीत ही तक्रार मला आधी हौसेची वाटली. यादी मनात मांडून पाहिल्यावर ती तशी वाटेना. निवडणूक आली की रस्त्यावरचे पुढाऱ्यांचे फलक झाकतात. घरातल्या ग्राइंडरवरचं चित्र झाकायला कोणी येत नाही. ते काम घरातल्या बाईलाच करावं लागतं, आणि त्याला रंगासारखा दुसरा उपाय नाही.

फ्रिज गेला तो गाड्यांचं टिंकरिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. खिडक्यांच्या जाळ्यांना करतात तसं पावडर कोटिंग फ्रिजला करता येत नाही. त्यात पावडर विजेच्या भारानं पत्र्यावर बसवतात आणि मग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवतात. फ्रिजच्या पत्र्यामागे फोम आहे, आत प्लॅस्टिक आहे. भट्टीत घातला तर बाहेर काय येईल ते न सांगितलेलं बरं. म्हणून गाडीचा फवारा. आधी मूठ, कंपनीचं नाव आणि दाराचं रबर काढायचं, तळाचा गंज खरवडायचा. इथे घरोघरी फरशी रोज पाणी ओतून धुतात, त्यामुळे फ्रिज पायाकडून गंजतो. खड्ड्यांत पुट्टी, मग पाणी मारत पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. दाराच्या आतल्या कडेला, जिथे रबराचं चुंबक चिकटतं तिथे, कागदाची पट्टी लावायची. तिथे रंगाचा थर बसला तर दार नीट लागत नाही आणि विजेचं बिल कारणाशिवाय वाढतं.

खरी गंमत रंग जुळवण्याची. अक्कांनी नमुना म्हणून रंगांचं कार्ड नेलं नव्हतं. तिरुभुवनम रेशमाचा, कैरीच्या सालीच्या हिरव्या रंगाचा जुना ब्लाउजपीस नेला होता. पेंटर अण्णांनी तो गुडघ्यावर पसरला, डबीत हिरवा घेतला, पिवळ्याचा थेंब, काळ्याचं बोट, आणि पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात नेला. जुळला. मग आत ट्यूबलाइटखाली आणला. तिथे रेशीम हिरवंच राहिलं आणि पत्रा निळसर दिसायला लागला. कापडाचा रंग एका द्रव्याचा, पत्र्याचा दुसऱ्या. दोन्ही एका उजेडात सारखे दिसले तरी दुसऱ्यात दिसतीलच असं नाही. रंगाच्या कारखान्यांत हे यंत्रानं तपासतात. अण्णांनी विचारलं, “अक्का, स्वयंपाकघरात खिडकी आहे का, की दिवसाही लाइट लावता?” लाइट लावतो म्हटल्यावर त्यांनी ट्यूबखाली जुळेल असा रंग नव्यानं घोटला. आमच्या सांगलीत घर रंगवताना हा प्रश्न मला कोणी विचारलेला आठवत नाही.

हे सगळं जानेवारीतलं. त्याआधी कोणी रंगाला हात लावत नाही, कारण इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, परतीच्या वाऱ्याचा. दमट हवेत डुको, म्हणजे हा गाडीचा रंग, मारला तर वाळताना त्यावर पांढरट साय धरते, चमक जाते. पाऊस ओसरला की भोगी. आपल्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगाभाज्यांची मिसळ. इथे त्या पहाटे दारात जुन्या चटया, केरसुण्या जाळतात, भिंतींना चुना लागलेला असतो, दुसऱ्या दिवशी पोंगल. पाठोपाठ आराधना आणि घरोघरी पाहुणे. घर रंगवायचंच असतं, तर त्याच हिशेबात फ्रिजही.

आमच्याच गल्लीत एक तंजावरी मराठी मामी राहतात. भोसल्यांच्या एकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं, त्यानंतर केव्हातरी त्यांचे पूर्वज इकडे आले. १८५५ मध्ये राज्य खालसा झालं तरी घरातली मराठी राहिली. आंबट चिंचेच्या चवीची ती मराठी ऐकायला मी मुद्दाम जाते. मामींना ही रंगरंगोटी बिलकूल पसंत नाही. ज्यानं दिलं त्याची खूण वस्तूवर राहावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ग्राइंडरवर जयललिता अजून हसताहेत, आणि आयुधपूजेला ग्राइंडरला गंध-कुंकू लागतं तेव्हा त्यांनाही लागतं.

मी मामींना इतिहासच दाखवला. राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलेलं तंजावरचं मोठं देऊळ. त्याच्या भिंतीवर आपल्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या घराण्याचा सगळा वृत्तांत मराठीत कोरून घेतला. देणारा एक, खूण दुसऱ्याची! मामी म्हणाल्या, राजानं चोळांचं पुसलं नाही, बाजूला आपलं लिहिलं. मुद्दा बिनतोड होता. तरीही माझं मत अक्कांच्या बाजूनं आहे. राजाकडे भिंत मोठी होती. फ्रिजच्या दारावर व्याह्यांची फुलं आणि आपला रंग असं दोन्ही मावत नाही.

कंपन्यांचा याबाबतचा सल्ला ठरलेला असतो, की सगळंच नवीन घ्या. अमेरिकेत १९५०च्या दशकात फ्रिज गुलाबी-फिरोजी झाले, पुढे अव्होकाडोच्या हिरव्या आणि पिकल्या गव्हाच्या पिवळ्या रंगांची लाट आली. लाट ओसरल्यावर चालू स्थितीतली यंत्रं केवळ रंगामुळे जुनाट ठरली. आपल्याकडे कितीतरी वर्षं फ्रिज म्हणजे पांढरा. मग एकदम ही वाइन फुलं आली आणि दुकानात दुसरं काही दिसेना. एकाच कंपनीचं, एकाच वेळी सगळं घेणाऱ्याचेच रंग जुळतात, आणि तसं घेणारे लोक माझ्या शाखेत हप्त्यांसाठी येतात. दहा वर्षं चालणारा फ्रिज रंगासाठी बदलायला मी कर्ज देते, पण मनातून देत नाही.

अक्कांचा फ्रिज हिरवा झाला, ग्राइंडरचा पत्राही त्याच हिरव्यात. आतला दगड अर्थातच तसाच राहिला. १९५५ साली कोइंबतूरला पी. सभापतींनी वेट ग्राइंडर बनवला त्याच्याही आधीपासून दक्षिणेत पीठ दगडावरच वाटतात आणि दगडाला कोणी रंग विचारत नाही. व्याह्यांना काय वाटलं ते कळलं नाही. सुनेनं मात्र फ्रिजसमोर उभं राहून फोटो काढला.

तुम्हाला करायचं असेल तर थोडं सांगते. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा. नव्या फ्रिजच्या कडेच्या पत्र्यामागे गरम नळ्या असतात आणि अनेकांतला वायू ज्वलनशील असतो, म्हणून कडेला खिळा, स्क्रू, ड्रिल काहीही लावू देऊ नका. मागची काळी जाळी असेल तर तिला रंग नको. आणि मिक्सर रंगवू नका; त्याचं अंग प्लॅस्टिकचं, रोज पाण्यानं पुसलं जातं, गुळगुळीत असल्यानं रंग धरत नाही आणि लवकरच पोपडे निघतात. अण्णांनी अक्कांचा मिक्सर म्हणूनच परत पाठवला. तो अजून पांढरा आहे, चित्रासकट.