बीकेसीच्या खिडकीतलं जंगल

शुक्रवार उजाडला की ऑफिसात एकच चर्चा. लोणावळा की अलिबाग? मग चार तास ट्रॅफिक, तासभर हॉटेलची रांग आणि सोमवारी व्हॉट्सअॅपवर धबधब्याचे फोटो. मंडळी, हिरवं बघायला एवढं लांब कशाला जायचं? बीकेसीत काम करत असाल तर एकदा मिठी नदीच्या पलीकडे नजर टाका. तो गच्च हिरवा पट्टा दिसतो ना, ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान, म्हणजे आपलं माहीम नेचर पार्क. चांगलं ३७ एकर!

माझ्या डेस्कवरून ते रोज दिसतं. वडाळ्याहून टॅक्सीने सायनमार्गे तसं जवळच. पावसाळा सरताना एका शनिवारी पप्पांना घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय आणि ते टीव्हीसमोरून हलत नाहीत.

पप्पा महापालिकेत मोटर लोडर होते, म्हणजे कचऱ्याच्या गाडीवर. १९७४ साली लागले. घरात कामाचा विषय कधीच निघाला नाही. ड्युटीवरून आले की आधी मोरीत आंघोळ, मग चहा. काही विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘झाली ड्युटी.’

धारावी डेपोसमोर टॅक्सी सोडली. गेटपाशी पप्पा थबकले. आधी खाडीच्या दिशेने बघितलं, मग रस्त्याकडे.

‘इथं तर आमची गाडी खाली व्हायची.’

खरंच आहे ते. १९७७ पर्यंत ही जागा डम्पिंग ग्राउंड होती. ते बंद झाल्यावर १९८०च्या दशकात इथे लागवड सुरू झाली. त्यामागे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींसारख्यांचं मार्गदर्शन होतं. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. म्हणजे आपण चालतो ती वाट चक्क कचऱ्याच्या थरावर आहे.

आत गेलं की हॉर्न मागे पडतात. पानं गळतात ती जागीच कुजतात आणि त्यांचीच माती होते. रुईच्या पानामागे फुलपाखराची अळी दिसली. पिवळे-काळे पट्टे, एकदम स्टायलिश. ही अळी रुई खाऊनच वाढते, म्हणून रुईसारखं ‘रानटी’ झाड ठेवलं तरच फुलपाखरं येतात. खाडीच्या बाजूला तिवरं, वर घारी.

पप्पा पहिल्यांदाच बोलत होते. नाकाला फडकं कसं बांधायचे, पावसात गाडीचं चाक कसं रुतायचं, जोडीदाराच्या पायात काच कशी घुसली. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. मग एका झाडाच्या बुंध्यावर थाप मारून म्हणाले, ‘चांगलं पोसलंय. खाली आमचाच माल हाय.’ आणि स्वतःच हसले.

आपल्याला वाटतं, जंगल म्हणजे माणसाचा हात न लागलेली जागा. पण इंग्लंडातली चुनखडीच्या टेकड्यांवरची फुलांची गवताळ रानंसुद्धा मेंढपाळांनी शतकानुशतकं मेंढ्या चारल्या म्हणून टिकली. चराई थांबली की तिथे झुडपं माजतात आणि फुलं जातात. इथे तर माणसाने आधी घाण केली, मग माती टाकली, रोपं लावली, पाणी घातलं. त्या हातांच्या आधी गाडी रिकामी करणारेही हात होते. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर असणार?

तुम्ही जाल तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, ओडोमॉस लावा, पाण्याची बाटली न्या आणि ती रिकामी झाली की घरी परत आणा. सकाळ बेस्ट. सोबत एखादं वडीलधारं माणूस असेल तर घाई करू नका.

परतताना टॅक्सीत पप्पांना विचारलं, आपला कचरा आता जातो कुठे? ‘बराचसा कांजूरला,’ ते म्हणाले. तिथेही खाडी आहे, तिवरं आहेत.

‘तिथे असं जंगल व्हायला किती वर्षं लागतील?’

त्यांनी बोटांवर हिशेब सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. ‘आधी गाड्या तर कमी करा. ओला-सुका वेगळा करता का तुमच्या ऑफिसात?’

सोमवारी तेवढं विचारायचं आहे.