सूनबाईचं ताट आणि येणारा चातुर्मास



आमच्या सूनबाईला पाचवा महिना लागलाय. मागच्या आठवड्यात तिचं हिमोग्लोबिन ९.४ आलं. गरोदरपणी ते ११ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि विचारलं, "जेवता काय?"

बी.कॉम. झालेली बाई वही उघडणारच! आठ दिवस लिहून काढलं. तिचं ऑफिस हिंजवडीला, पण काम आकुर्डीत घरूनच. दुपारी मीटिंग, म्हणून ताट लॅपटॉपशेजारी. पोळी-वरण संपायचं, भाजीची वाटी तशीच परत. रात्री अमेरिकेचा कॉल, मग मोबाइल आणि अकराला फरसाण-चहा. (नोकरीमुळे तिला चौविहार जमत नाही, त्यावर आमचं भांडण नाही.) रविवारी सगळ्यांबरोबर टेबलावर बसली, तर मेथी दोनदा मागून घेतली. भाजी तीच, हात माझाच. तसं एकट्या सुनेला तरी काय बोलायचं, आपल्या घरातल्या पुरुषांना बातम्या लावल्याशिवाय घास उतरत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. पोटभर किती खाल्लं यापेक्षा पालेभाज्या, फळं, दूध किती वेळा खाल्लं, याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसला. शिवाय निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. आपण शाकाहारी, तेव्हा हे नीट ऐका. बी-१२ पालेभाजीत नसतं. दूध-दह्यात असतं, तेही बेताचं. म्हणून रक्त तपासताना तेही विचारून घ्या.

आता खरी अडचण. पुढच्या महिन्यात चातुर्मास बसतोय आणि आमच्याकडे तेव्हा पालेभाजी बंद. जाऊबाई म्हणाल्या, "आपण नाही का निभावलं?" निभावलं, पण आपलं हिमोग्लोबिन तेव्हा मोजलं कोणी? मी स्थानकात जाऊन साध्वीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, पच्चक्खाण शक्ती पाहूनच घ्यायचं असतं. मग ठरवलं, घरात बाकीच्यांचा नियम राहील, तिच्यापुरती भाजी शिजेल. जाऊबाई अजून गप्प आहेत. पर्युषणात पुन्हा विषय निघेल, तेव्हा बघू.

स्क्रीनचं मात्र सूनबाईनंच काढलं. "मम्मी, सामायिकाला ४८ मिनिटं फोन लांब राहतो, मग जेवायला अर्धा तास का नाही?" ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये तिनं एक ते दीड अडवून ठेवलंय. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. ताटात लिंबाची फोड, म्हणजे लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभरानं.

काल मंडईतून राजगिऱ्याच्या दोन जुड्या आणल्या, एकेक पान उजेडात धरून निवडलं. महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचंय. आकडा आला की इथे कळवीनच.