चांदणीच्या पोटाचा हिशेब

म्हसवड, ता. माण

चि. सायलीस,


पत्र मिळालं. कुत्रं घरी आल्यापासून कचऱ्याची बादली दुप्पट भरते म्हणतेस. खाण्याची चकचकीत पाकिटं, शी उचलायच्या पिशव्या, पंजे पुसायचे ओले रुमाल. आणि वर विचारतेस, ‘आत्या, तुमच्याकडे गावात हे सगळं आपोआप जिरत असेल ना?’ आपोआप काही जिरत नाही बाई. आमच्याकडेही नवीन प्राणी आलाय, त्याचं ऐक, मग तुझ्या प्रश्नाकडे येते.

आमची चांदणी म्हणजे उस्मानाबादी जातीच्या शेळीची पाट. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. पलीकडच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या आजींच्या शेळीला तिळी झाली. शेळीला सड दोनच, त्यामुळे तिसरं करडू कायम ढकललं जातं. आजी त्याला चीक पाजून, पदरात गुंडाळून घेऊन आल्या. “आक्का, ह्ये माज्याकडं जगायचं न्हाई. तुमी बाटलीनं पाजा.” तुझे मामा म्हणाले, निवृत्त माणसांनी मांजर पाळावं. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध कोमट करताना तेच दिसले.

शेळी काहीही खाते हा समज आधी डोक्यातून काढ. जमिनीवर पडलेला, पायाखाली आलेला पाला ती हुंगते आणि तोंड फिरवते. म्हणून शेवग्याच्या डहाळ्या नि कडब्याची पेंढी आढ्याला टांगावी लागते. बादलीतल्या पाण्यात काडी पडली तरी तोंड लावत नाही. गरिबाची गाय म्हणतात, पण नखरे इनामदारणीचे.

मग स्वयंपाकघरातलं काय काय तिला चालतं, याची चौकशी सुरू झाली. माणदेशी महिला बँक तुला ठाऊक आहे, चेतना सिन्हांनी १९९७ साली इथे म्हसवडात उभी केलेली. त्यांच्याच माणदेशी फाउंडेशनने बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण दिलं, गावोगाव त्यांना शेळी डॉक्टर म्हणतात. त्यांतली एक आमच्याकडे येते. पीपीआरची लस चुकवू नका, आंत्रविषाराची पावसाळ्याच्या तोंडावर टोचा, हे तिने सांगितलंच. पण तिचा खरा दम होता तो शिळ्या भातावर. शिळा भात, चपात्या, पीठ असलं भसाभस घातलं की शेळीच्या कोठीपोटात आंबतं, पोट फुगतं, जनावर हातचं जातं. मला वाटलं होतं, उरलंसुरलं खपवायला घरात गिऱ्हाईक आलं. झालं उलटंच. उरलेलं चालत नाही म्हटल्यावर मी तांदूळ मोजून घ्यायला लागले.

मेथीचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, वाटाण्याची टरफलं, कलिंगडाची साल हे तिचं. कांद्याची टरफलं, हिरवट बटाट्याची सालं, चहाचा चोथा हे खताच्या खड्ड्यात. दोन भांडी ओट्याखाली ठेवली आहेत, आणि तुझे मामा, ज्यांना जन्मभर कचऱ्याची टोपली कुठे असते हे ठाऊक नव्हतं, ते आता कुठली साल कुठल्या भांड्यात यावरून माझ्याशी वाद घालतात.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. आपल्या माणमध्ये आणि आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा किती, तुला माहीत आहे. बागेतलं गवत फुकट मिळत होतं. शेळी डॉक्टर बाईने विचारलं, “फवारणी कधी झालीय?” बागवाल्याला विचारलं तर तो हसला. डाळिंबावर तेल्या रोग येऊ नये म्हणून औषधाचे हात मारावेच लागतात. ते गवत आणायचं बंद केलं. तेव्हापासून बाजारातली भाजीही आधी पाण्यात बुडवून ठेवते, धुऊन मग निवडते. देठ चांदणीला जाणार म्हणून. पानं आम्ही दोघं इतकी वर्षं नुसती पाण्याखालून काढून खात होतो, तेव्हा हा विचार आला नव्हता.

पाण्याचं तुला नवीन सांगायला नको. महाबळेश्वर आणि आपण एकाच जिल्ह्यात, तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इकडे पाचशे झाला तरी लोक पेढे वाटतील. तुझी आजी परातीत बसवून आंघोळ घालायची, ते पाणी कपड्यांना, तिथून उरलेलं झाडाला. याला कोणी पर्यावरण म्हणत नव्हतं. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरलेल्या बाईला दुसरं सुचतच नाही. २०१३ च्या दुष्काळात माणदेशीने इथे चारा छावणी चालवली, हजारो गुरं नि त्यांची माणसं महिनोन्‌महिने मुक्कामाला होती, २०१९ ला पुन्हा तेच. उरमोडी धरणाचं पाणी तालुक्यात आलं, आणि मी पाहिलं की परात माळ्यावर गेली. मला यात कोणाला बोल लावायचा नाही. टंचाईने शिकवलेली सवय टंचाई सरली की जाणारच. आता भाजी धुतलेलं पाणी शेवग्याला जातं ते दुष्काळाच्या भीतीने नव्हे. शेवगा वाळला तर चांदणी ओरडून गल्ली जागी करते म्हणून.

प्लॅस्टिकचं मात्र मला खरंच भय वाटतं. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा माणगंगेच्या पात्रात माणूस मावत नाही, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. यात्रा उठली की गुलालाने माखलेल्या पिशव्या वाऱ्याबरोबर गावभर. खारट-गोड लागलेली पिशवी जनावर चघळतं, ती कोठीपोटात जाऊन बसते. खाली सरकत नाही, वर येत नाही, आणि पोट भरलंय असं वाटून जनावर चारा सोडतं. पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आठवड्याच्या बाजारात हिरव्या मिरचीबरोबर ती पिशवी आजही मिळते. मी जुन्या नऊवारीच्या पिशव्या शिवून ओळखीच्या भाजीवाल्यांकडे ठेवल्या. त्यातल्या परत किती आल्या ते विचारू नकोस. नऊवारीचे काठ चांगले होते, कोणीतरी उशीला लावले असतील.

आता तुझं. कुत्र्याची शी भाजीच्या कुंडीत किंवा घरच्या खतात घालू नकोस. शेळीची लेंडी वाळवून, कुजवून वांग्याला घालता येते, कारण ती पाला खाणाऱ्याची. कुत्र्याच्या शीत जंतांची अंडी असतात आणि घरच्या खताला ती मारण्याइतकी उष्णता येत नाही. विघटनशील म्हणून महागड्या पिशव्या घेतेस, त्यातल्या बऱ्याच मोठ्या कारखान्यातल्या उष्णतेशिवाय कुजत नाहीत. जुनं वर्तमानपत्र पुरेल. पाकिटातल्या खाण्याबद्दल आधी जनावरांच्या डॉक्टरला विचार. आपल्या धनगरांची कुत्री भाकरी-ताकावर रानभर पळतात हे खरं, पण ती दिवसभर पळतात, तुझं सोफ्यावर झोपतं.

एक गोष्ट सुटलेली नाही, ती तुलाच सांगते. चांदणी पुढच्या वर्षी गाभण राहील, पाच महिन्यांनी व्यायेल. पाट झाली तर ठेवू, बोकड झाला तर? तुझे मामा म्हणतात, बाजार आहे. करडू आणून देणाऱ्या आजी म्हणतात, शेरडं त्यासाठीच असतात, आणि त्यांचं घर त्याच पैशावर चालतं, त्यांना मी कोण शिकवणार! मी अजून काही बोललेले नाही. मटण आमच्या घरात रविवारी शिजतं, हेही तुला माहीत आहे.

दिवाळीला कुत्र्याला घेऊन ये. रेबीजची लस टोचल्याचा कागद सोबत आण, आणि पहिले दोन दिवस त्याला पुढच्या अंगणात बांधायचं. चांदणीला शिंगं फुटली आहेत.

तुझी,
आत्या