पन्नास सेकंदांचा तास



निवृत्तीनंतर एका कॉलेजने मला चित्रपट-रसास्वादाची तोंडओळख शिकवायला बोलावलं. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं. म्हटलं, कवितेऐवजी सिनेमा, त्यात काय एवढं!

पहिल्या वर्षी मी प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) वर्गातच दाखवला. सिनेमा दोन तासांहून मोठा, आणि आमचा तास पन्नास मिनिटांचा. हजेरी, खिडक्यांचे पडदे, प्रोजेक्टरची वायर... दहा मिनिटं त्यातच जायची. चार तास नुसते बघण्यात गेले. चौथ्याची घंटा झाली तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मग ह्यावर बोलायचं कधी?"

सत्र संपलं होतं. काय उत्तर देणार?

पुढच्या वर्षी ठरवलं, पूर्ण सिनेमा शनिवारी दुपारी. तासाला फक्त एक तुकडा. सुरुवात ल्युमिए बंधूंच्या आगगाडीपासून. फ्रान्समधलं ला सिओता स्टेशन. गाडी येते, माणसं चढतात-उतरतात, संपलं. जेमतेम पन्नास सेकंद!

एकदा दाखवला. मग पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, जे दिसलं ते वहीत लिहायचं. पुन्हा दाखवला. "मघाशी काय सुटलं होतं?" काहींनी सांगितलं. तिसऱ्यांदा दाखवला.

कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, कॅमेरा जागचा हललाच नाही. गाडी आणि माणसंच लांबून जवळ आली."

लाँग शॉट, क्लोज-अप ह्यावर वीस मिनिटं बोलायची टिपणं मी काढून आणली होती. ती पर्समध्येच राहिली. तिनं पाहिलेल्या गोष्टीला नावं तेवढी फळ्यावर लिहून दिली. दोन मिनिटं लागली.

खरं सांगू? त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत मी प्रश्न विचारायचे, आणि लगेच उत्तर आलं नाही की स्वतःच देऊन टाकायचे. पोर्शन वेळेत पुरा व्हायचा, त्याचा अभिमानही होता. पण अशा किती मुली काहीतरी पाहूनही गप्प बसून गेल्या असतील...

असो. आता शिकवत नाही. पण नातवंडं काही सांगता सांगता अडखळली, की मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजते. बहुतेक वेळा सातापर्यंत उत्तर येतं.

तुमच्यापैकी जे अजून शिकवतायत, त्यांनी करून बघा.