ढिगाऱ्यानंतरची भावंडं

गाझियाबादच्या कमला नेहरू नगरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आठवी बटालियन आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंपानं तुर्कस्तान हादरलं आणि दुसऱ्याच दिवशी हिंडन हवाई तळावरून जवान तिकडे निघाले. नूरदागीत ज्युली ही श्वानपथकातली लॅब्राडॉर एका ढिगाऱ्यावर भुंकली. खात्रीसाठी रोमिओला सोडलं, तोही भुंकला. आत सहा वर्षांची मुलगी जिवंत होती. किशोरांची कादंबरी इथून सुरू व्हावी.

*

शोध घेताना मध्येच सगळी यंत्रं बंद करतात. एकजण आत हाक घालतो, बाकीचे श्वास रोखून ऐकतात. साहसकथांत धावपळ भरपूर असते, असं थांबणं क्वचित.

*

सुझन बेथ फेफर यांची ‘लाइफ ॲज वी न्यू इट’ (२००६). अशनीच्या धडकेनं चंद्र पृथ्वीजवळ सरकतो. किनारे बुडतात, ज्वालामुखी उसळतात, राखेआड सूर्य जातो. मला मात्र त्यातलं घर आठवतं. उरलेले अन्नाचे डबे, आणि धाकट्या जॉनीच्या वाट्याला जास्त घास. त्याच्या सोळा वर्षांच्या बहिणीला, मिरांडाला, ते दिसत असतं. सगळ्या जगाचं संकट शेवटी भावंडांच्या ताटात उतरतं. लेखिकेनं ते ओळखलं, म्हणून मी ही कादंबरी मोठी मानतो.

*

तुर्कस्तान हादरवणाऱ्या त्याच भूकंपात सीरियात एक मुलगी स्लॅबखाली अडकली होती. धाकट्या भावंडाच्या डोक्यावर तिनं हात धरला होता. दोघंही वाचली. तो व्हिडिओ जगानं पाहिला. पुढं त्यांचं काय, हे फार थोड्यांनी विचारलं.

*

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणेश विसर्जन. पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्यांवर कोसळलं. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली.

बाराशे! यातून मराठीत किती कादंबऱ्या यायला हव्या होत्या. परक्या कथा बहुधा सुटकेपाशी थांबतात, पण थोरल्या बहिणीचं काम तर तिथून सुरू होतं. भाऊ मुलांच्या वसतिगृहात, ती मुलींच्या. तो रात्री दचकून उठला तर तिला कोण सांगणार? गावच्या जमिनीच्या कागदावर सही कोण करणार? आणि दिवाळीची सुट्टी लागली की दोघांनी जायचं कुणाकडे, काकाकडे की मामाकडे, आणि दोघांना एकत्र ठेवून घ्यायला कोण तयार होईल?