लाल मंदिराच्या आवारातील जीवदया

जुन्या दिल्लीत, लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशीच श्री दिगंबर जैन लाल मंदिर उभे आहे. दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या यात्रेकरूंची पावले बहुधा आवारातील दुसऱ्या एका वास्तूकडे वळतात. 1929 मध्ये स्थापन झालेले हे पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय. येथे उपचारांचे मूल्य घेतले जात नाही. पक्षी घेऊन येणाऱ्याचा धर्मही विचारला जात नाही.

रुग्णांत कबुतरे सर्वाधिक. कुणी छताच्या पंख्याने जखमी झालेले, तर कुणाचा पंख 15 ऑगस्टच्या पतंगांच्या मांजाने कापलेला. शिकारी पक्ष्यांनाही औषधपाणी मिळते. मात्र त्यांना आत ठेवून घेतले जात नाही. बरे झालेले पक्षी गच्चीवरून आकाशात सोडले जातात. तो क्षण पाहणाऱ्याला अभयदानाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

परंतु कोंबडीचे काय? तिला दूरवर उडता येत नाही. गच्चीवरचे मोकळे आकाश तिच्या उपयोगाचे नाही आणि रस्त्यावर सोडावे, तर कुत्री-मांजरे आणि सुरी दोन्ही जवळच. मांसासाठी वाढविलेल्या कोंबडीचे वजन तर इतक्या झपाट्याने वाढते की, पुष्कळदा पायांना ते पेलत नाही. असा जीव वाहनातून पडून कुणाच्या दारी आला, तर त्याचे रुग्णालय त्या घरातच मांडावे लागते.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. स्वयंपाकघरापासून दूर, शांत व मंद उजेडाच्या कोपऱ्यात एक खोके ठेवावे. तळाशी पाय न घसरेल असे जाडसर कापड असावे. पक्ष्याच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते. म्हणून ऊब आवश्यक. घरी इतर कोंबड्या असल्यास हिला वेगळे ठेवावे, कारण रक्त दिसताच त्या जखमेवर चोची मारतात. जखम सलाईनने हलकेच धुवावी. उचलताना छाती आवळू नये. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच श्वास चालतो. पाणी चोचीत ओतू नये, उथळ वाटीत समोर ठेवावे. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. मोडलेले हाड पशुवैद्यालाच दाखवावे. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

तथापि खरी कसोटी ती बरी झाल्यावर लागते. चालू लागलेली कोंबडी पुन्हा बाजाराच्या वाटेला गेली, तर सेवेचे ते सारे दिवस व्यर्थ ठरतात. लंगड्या, वृद्ध जनावरांना आमरण सांभाळणारी पांजरपोळे आपल्या पूर्वजांनी याच जाणिवेने पोसली. मुंबईत भुलेश्वरचे पांजरपोळ 1834 पासून उभे आहे. कबुतराला आकाश दिले की अभयदान पुरे होते. कोंबडीला मात्र आयुष्यभराचा आसरा द्यावा लागतो आणि तो देण्याची तयारी तिला खोक्यात ठेवतानाच मनाशी करावी लागते.